धुण्यात निघालेलं खापर

९ मार्च. ट्युनिशियाहून आणलेलं धुणं लावलं. वाळू मोज्यांच्या शिवणीतसुद्धा शिरली होती. मशीन फिरायला लागलं आणि आत काहीतरी खडखडलं. नाणं असेल म्हणून थांबवलं, तर नवऱ्याच्या पँटच्या खिशातून खापराचा तुकडा निघाला. तांबडा, बोटभर लांब, कडेला बारीक रेघांची नक्षी.

कुठून आलं असेल ते लगेच कळलं. गेल्या आठवड्यात आम्ही तिकडच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका गावात रोमन अवशेष पाहत होतो. म्हणजे मी पाहत होते, नवरा गाइडला शिकवत होता. प्राचीन रंगमंडपाच्या पायऱ्यांवर भर उन्हात उभं राहून त्यानं इंग्रजांनी आपला हिरा कसा नेला ते सविस्तर सांगितलं. गाइड मान डोलवत होता, त्याला सावलीत जायचं होतं. "ज्या देशाची वस्तू, ती त्याच देशात राहिली पाहिजे," असं म्हणून नवरा टाळीसाठी थांबला. टाळी आली नाही, तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधत नव्हता, हे मला आज कळलं.

रिटायर झाल्यावर मराठी मंडळानं त्याला पहिल्यांदाच भाषणाला बोलावलंय. शनिवारी, चर्चच्या बेसमेंटमध्ये. विषय आहे वारशाचं जतन. बाथरूमच्या आरशाला हे भाषण आता पाठ झालं असेल. शिवाय इथे ब्रॉसार्डला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईचा त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे, कारण ती मूळची ट्युनिशियाची, त्याच अवशेषांच्या गावची. आम्ही तिथे गेलो ते तिच्याच आग्रहानं. आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. आम्ही परतलो तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसलेला होता आणि फ्रिजमध्ये सूप होतं. अशी शेजारीण गमवायची माझी तयारी नाही.

"अरे, हे काय आहे?" मी बेसमेंटच्या जिन्यातून तुकडा दाखवला.

तो खुलला. "सापडलं का? मला वाटलं, हॉटेलात राहिलं."

"चोरलंस."

"उचललं. तिथे ढीग पडलाय, लोक तुडवत जातात."

"हिरा पण असाच पडला असेल कुठेतरी."

"हिऱ्याची गोष्ट वेगळी आहे गं." मग त्यानं बेत सांगितला. भाषणाच्या शेवटी हे खापर लोकांच्या हातात फिरवायचं. "इतिहासाचा स्पर्श म्हणजे काय, ते कळू दे जरा लोकांना."

"आणि पहिल्या रांगेत शाल पांघरून कोण बसणार आहे?"

"तिला काय कळणार? भाषण मराठीत आहे."

"खापर मराठीत नाहीये."

"भाषण होऊ दे, मग बघू," म्हणाला, आणि माझी कानातल्यांची डबी मागून घेतली. कापूस घालून खापर त्यात निजवलं.

१० मार्च. सकाळी तो नेहमीसारखा मॉलमध्ये चालायला गेला. मी डबीतलं खापर काढून शेजारी गेले आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं ओट्याखालून दह्याचा रिकामा डबा काढला. त्यात असे बरेच तुकडे होते.

"उन्हाळ्यात घरी गेले की म्युझियममध्ये नेऊन देते," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा लहानच आहे. माझ्या डेंटिस्टनं तर फरशीचा कोपरा आणला होता."

"त्यानं स्वतः आणून दिला?"

"बायकोनं. आणून देतात त्या बायकाच."

"शनिवारी येशील ना?"

"शाल आहे म्हणालीस ना? मग येणारच."

घरी येऊन डेकवर गेले. कढीपत्त्याची मातीची कुंडी मी मागच्या हिवाळ्यात बाहेर विसरले होते, ती थंडीनं तडकली होती. बर्फातून तिचा बोटभर तुकडा काढला, धुतला, पुसला. नेलफाइलनं कडेला बारीक रेघा ओढल्या आणि डबीतल्या कापसावर ठेवला. मग उरलेले कपडे ड्रायरमध्ये टाकले.