पाच मण्यांचा करदोटा

माझ्या वन्संइतका माणसाला धक्के देणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे मी नणंदेवरच्या रागाने म्हणत नाही. राग कधीच संपला, धक्के मात्र अजून आठवतात. पहिला धक्का लग्न होऊन सातपूरच्या घरात पाऊल टाकलं त्याच क्षणी बसला. मी माप ओलांडून आत येते न येते तोच पांढऱ्या साडीतली एक उंच, काटकुळी बाई लगबगीने पुढे झाली. मला वाटलं, ओवाळणार. तिने अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली, आत डोकावून पाहिलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "रक्त कमी आहे. माहेरी पालेभाजी खात नव्हतीस का गं?" पाठराखीण म्हणून आलेली माझी मावशी भिंतीला टेकली ती टेकलीच. मग वन्संनी तिचीही पापणी ओढली.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. पेठकडच्या डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रावर त्या नर्स होत्या. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी यायच्या आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परत जायच्या. त्यांच्या केंद्रातली वीज आठवड्यातले चार दिवस गायब असे, म्हणून लसीच्या पेटीत ठेवायचे बर्फाचे पॅक गोठवायला त्यांनी माझा फ्रीज ताब्यात घेतला होता. माझा फ्रीज म्हणजे माझ्या शिक्षिकेच्या नोकरीतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. एका पाडव्याला पाहुणे जेवायला बसले आणि मी श्रीखंड काढायला गेले, तर वरचा खालचा सगळा फ्रीज पॅकांनी भरलेला आणि श्रीखंडाचं पातेलं ओट्यावर, उन्हात. "अगं, श्रीखंड काय, उद्या पुन्हा करता येतं," वन्सं म्हणाल्या, आणि ह्यांनी मान डोलावली. ह्या घरात त्यांच्या बाबतीत एवढंच केलं जायचं.

सोमवारच्या गाडीत ती निळी पेटी सावलीच्या बाजूला, खिडकीपाशी बसायची आणि वन्सं दांडा धरून उभ्या. नवीन कंडक्टर आला की वाद व्हायचा. जुने कंडक्टर मात्र पेटी दिसताच तिथे बसलेल्या माणसाला स्वतःच उठवायचे. लग्नकार्यात त्या अक्षता टाकायच्या आधी मांडवातल्या तान्ह्या मुलांचे दंड तपासायच्या. डाव्या दंडावर लसीचा वण नसला की त्या मुलाची आई पंगतीतून उठवली जायची. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू! मी आपली वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. सतरा बायका आल्या, हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, मी वाट्यांचा खोका उघडला. आत सतरा नेलकटर. "वाट्या परत केल्या मी," वन्संनी मागून सांगितलं. "वाट्या सगळ्यांकडे असतात. नखं बघ ह्यांची." शाळेतल्या बाई, शेजारच्या काकू, सगळ्यांनी एकदम मुठी मिटल्या. त्या संक्रांतीनंतर महिनाभर मी मागच्या गल्लीने शाळेत जात होते.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले आहे, ती करदोट्याची. वन्संच्या पाड्यांवरची माणसं भाताची कापणी उरकली आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला जायची ती होळीला परत यायची. पोरांचं लसीकरण अर्ध्यात तुटायचं. तिकडच्या नर्सने विचारावं, किती इंजेक्शनं झाली? आई म्हणायची, लय झाली. लसीचं कार्ड विचारलं की ते चुलीत गेलेलं असायचं, नाहीतर घराच्या कुडात खोचून मागे राहिलेलं. एक तर शेळीने खाल्लं होतं, आणि त्या शेळीला आता गोवर व्हायचा नाही असं वन्सं गंभीरपणे म्हणाल्या होत्या. वर्षानुवर्षं नर्सा नवी कार्डं लिहीत होत्या आणि पोरं गोवराने फणफणत होती. मग एका रविवारी वन्सं माझ्या मुलाला न्हाऊ घालत असताना त्याच्या कमरेच्या करदोट्याकडे बघत थांबल्या. पाणी गार झालं, पोरगं रडून लाल झालं, तरी त्या बघतच होत्या. "सुमन," त्या म्हणाल्या, "पोराच्या अंगावरचं सगळं हरवतं. हे नाही हरवत."

आणि त्यांनी मणी ओवायला सुरुवात केली. क्षयाची लस दिली की करदोट्यात एक पांढरा मणी. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या त्रिगुणी लसीचे तीन डोस, म्हणून तीन निळे. नऊ महिन्यांनंतर गोवराची लस दिली की शेवटचा लाल. पाच मणी झाले की पोर पहिल्या वर्षाच्या सुयांतून सुटलं. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या नर्सांना शिकवायला त्या सुट्टीच्या रविवारी पिंपळगावला जायच्या. तिथे झोपड्यांसमोर पोराचं झबलं वर केलं की तिकडची नर्स मणी मोजायची आणि पुढची लस द्यायची. पाड्यावरच्या बाया तर लाल मण्यासाठी स्वतःहून पोर घेऊन यायला लागल्या. ज्या पोराला लाल मणी नाही त्याची आई बाजारात जरा मागेमागेच राहायची.

आता मी शिक्षिका. चांगल्या गोष्टीला बक्षीस मिळालं पाहिजे हे माझ्या रक्तातच. शहरातलं एक सेवाभावी मंडळ आरोग्य आणि समाजसेवेतल्या उत्कृष्ट, अभिनव कामाला पुरस्कार द्यायचं. मी वन्संना न विचारता अर्ज आणला आणि सुवाच्य अक्षरात भरला. 'उपक्रमाचे वेगळेपण शंभर शब्दांत लिहा' या रकान्यात मी दोनशे दहा शब्द कोंबले. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. माहेराला निमंत्रण धाडलं. ह्यांनी कारखान्यातल्या पहिल्या पाळीच्या सगळ्यांना सांगितलं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले एक मोठे साहेब समारंभाला येऊन हाच प्रयोग सगळीकडे सुरू करायची घोषणा करणार होते. वन्सं मात्र पत्र वाचून एवढंच म्हणाल्या, "शनिवारी का ठेवलं? शनिवारी माझी एका वस्तीवर लसीची फेरी असते."

त्या शनिवारी वन्सं घरी आल्याच नाहीत. मी त्यांच्यासाठी नवी साडी इस्त्री करून ठेवलेली. शेवटी आम्ही सगळे सभागृहात जाऊन बसलो. शाळेतल्या बाई, माहेरचे सात जण, पाठराखीण मावशीसुद्धा. पहिल्या ओळीतली वन्संची खुर्ची रिकामी. माझं नाव पुकारतायत की काय अशा भीतीने मी घामाघूम. आणि त्यांचं नाव पुकारल्यावर मागच्या दाराने वन्सं आल्या. पांढरी साडी चुरगळलेली, तिच्यावर औषधाचे डाग, केस विस्कटलेले. तशाच त्या व्यासपीठावर चढल्या. साहेबांनी शाल उघडली. वन्संनी ती त्यांच्याच हातावर घडी करून ठेवली आणि माईक ओढून घेतला.

"सिव्हिलमधून येतेय," त्या म्हणाल्या. "आठ दिवस माझ्या पाड्यावरची एक पोरगी तिथे ऑक्सिजनवर होती. गोवर, मग न्यूमोनिया. आज दुपारी तिने डोळे उघडले, म्हणून मी इथे येऊ शकले. तिच्या करदोट्यात पाच मणी आहेत. मी चारच ओवले होते."

साहेब घडी केलेली शाल हातात घेऊन खुर्चीत बसले.

"ती माणसं बागेत गेली तेव्हा पोरगी सात महिन्यांची होती. लाल मणी व्हायचा होता. तिकडच्या सिस्टरने पाच मणी मोजले आणि पुढे गेली. तिची चूक नाही. मीच तिला शिकवलं होतं, लाल दिसला की पुढे जा. पाचवा मणी पोरीच्या आजीने ओवला. आठवडी बाजारातून आणून. मी तिला विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, बाकीच्या पोरांना लाल होता, आमचीचा करदोटा मोकळा दिसं. बेस दिसतो म्हनून घातला." वन्संनी कपाळावरचे केस मागे सारले. "तिची पण चूक नाही. आजी नातीला नटवणार नाही तर कोण नटवणार? कार्डावर मी सही करते. मण्यावर कोण करतं? मणी कुणीही ओवू शकतं, एवढं साधं मला सुचलं नाही. तेव्हा साहेब, हे कुठेही सुरू करू नका. माझ्याही भागात उद्यापासून बंद."

मंडळाचे अध्यक्ष बिचारे चांगले गृहस्थ. त्यांनी पुढे होऊन सांगितलं, "ताई, तुमच्या ह्या प्रामाणिकपणासाठी तरी—"

"प्रामाणिकपणाचा असेल तर तो वेगळा ठेवा. हा उपक्रमाचा आहे, आणि उपक्रम नापास झालाय." एवढं बोलून त्या खाली उतरायला लागल्या, आणि पायरीवरून वळून साहेबांना म्हणाल्या, "तुमचे पाय सुजलेत. मीठ कमी करा, ब्लडप्रेशर बघून घ्या."

मला त्या दिवशी जे झालं त्याला धक्का हा शब्द पुरत नाही. कान गरम झाले होते, माहेरच्यांकडे बघायची हिंमत नव्हती. घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "वन्सं, हे नंतर नसतं का सांगता आलं? शाल घेऊन, फोटो काढून, आठ दिवसांनी शांतपणे?"

वन्सं नळाखाली हात घासत होत्या, कोपरापर्यंत, त्यांच्या पद्धतीने. "नंतर म्हणजे किती पोरांनंतर, सुमन?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. मग त्या मोरीतच खाली बसल्या आणि रडल्या. हा सगळ्यात मोठा धक्का. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी नळ बंद केला आणि त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले, अंगावरच्या समारंभाच्या साडीनिशी.

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी पाड्यापाड्यावर आणि बागेबागेत फिरून झाडून सगळ्या पोरांचे करदोटे नोंदवहीशी ताडून पाहिले. आणखी चार ठिकाणी शोभेचे मणी निघाले. त्या पोरांना लस मिळाली. मग वरून नोटीस आली, मान्यता नसलेली पद्धत का वापरली याचा खुलासा करा. वन्संनी खुलासा एका ओळीत केला: 'कार्ड शेळी खाते.' पण मणी सोडवत नव्हते त्यांना. एके रविवारी त्या माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन बसल्या आणि जखमेच्या टाक्याला मारतात तशी गाठ प्रत्येक मण्यामागे मारून बघितली. ती गाठ नर्सलाच जमते, आजीला नाही. आता मणी नाही, गाठ मोजायची. मणी कितीही असोत. पेढे नाहीत, अर्ज नाही, वरच्या कुणाला न सांगता, फक्त बागेकडच्या नर्सांना गाठ दाखवून ते पुन्हा सुरू झालं, आणि मला माहीत आहे तोवर चुकलं नाही. मी मात्र पुन्हा कुठला अर्ज आणला नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा नव्या शतकाची काही वर्षं उलटली होती. निरोपाला आम्ही दोघं प्रथमच त्यांच्या उपकेंद्रावर गेलो. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात नाचणी वाळत घातलेली. सरपंच बोलले, डॉक्टर बोलले, शाल-श्रीफळ झालं. शाल वन्संनी ह्या वेळी घेतली, पण ती समोर बसलेल्या एका बाळंतिणीच्या अंगावर घालून टाकली. मग गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, बरोबर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. मुलीच्या दोन वेण्या, दात जरा पुढे. वन्संनी तिला ओळखलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. सवयीने त्यांनी तिची पापणी ओढून बघितली, आणि ती बराच वेळ धरूनच ठेवली.

म्हातारीने पदराची गाठ सोडून एक काळा दोरा काढला आणि वन्संच्या मनगटावर बांधायला घेतला. त्यात एकच लाल मणी होता. वन्संनी मण्याकडे रोखून पाहिलं.

"हा कोणत्या लसीचा गं?"

"लसीचा नाय, बाई," म्हातारी दोरा आवळत म्हणाली. "बेस दिसतो म्हनून घातला."

वन्सं पुढे सातपूरला आमच्याजवळच राहिल्या. हळूहळू त्यांचं धक्के देणं कमी झालं आणि मला घर फार शांत वाटायला लागलं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातली एक तरुण नर्स सलाईन लावताना थांबली. मनगटावरचा लाल मण्याचा दोरा आडवा येत होता. "नवसाचा आहे का हो? कापू?" तिने मला विचारलं. वन्संचे डोळे मिटलेले होते, बोलणं केव्हाच थांबलं होतं. मी दोरा जरा वर सरकवला आणि म्हणाले, "नको कापू गं. नवसाचा नाही. चांगला दिसतो म्हणून घातलाय."