टोप करणाऱ्या दाजींचे रिव्ह्यू

आमच्या दाजींना स्वतःचं कौतुक कधी करून घेता आलं नाही. त्यांचा दोष म्हणावा तर धंदाच तसा. ते केसांचे टोप करतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या दुकानात मी केस निवडते, विंचरते, लांबीप्रमाणे जुड्या बांधते आणि त्यांच्या वाटचं बोलतेही. बारीक आकड्याच्या सुईनं जाळीत एकेक केस ओवायचा, असं करत एका टोपाला तीन आठवडे जातात. तीस वर्षांत त्यांची मान कायमची पुढं आली. टोप मात्र असा बेमालूम, की गिऱ्हाइकाच्या शेजारणीलाही पत्ता लागू नये. तेवढ्यासाठीच तर लोक यायचे. रस्त्यात भेटले तर ओळख दाखवायचे नाहीत, आणि दाजीही मान वळवून उगाच फळांचे भाव विचारत बसायचे.

बहुतेक गिऱ्हाइकं मोठ्या इस्पितळातून यायची. औषधांनी केस गेलेल्या बायकांना तिथं टोपवाल्यांची यादी देत. यंदा नियम निघाला, ज्याचे ऑनलाइन वीस तरी चांगले रिव्ह्यू असतील तोच यादीत राहणार. मुदत एक महिना. आमचा रिव्ह्यू एकच, तोही एका स्टारचा: "दोनदा आलो, दुकान बंद." दोन्ही वेळा तो बाबा रविवारी आला होता.

"यादीतून नाव गेलं तर दुकान गेलंच म्हणून समजा," मी म्हणाले. "विचारा ना गिऱ्हाइकांना."

"कसं विचारू गं? तुमचं टक्कल चारचौघांत सांगा म्हणून?"

"मग बसा तोंडाला कुलूप लावून. मी विचारते."

मी विचारलं. फोन केले, खुर्चीमागं उभी राहून गळ घातली, हातापाया पडले. एक शिक्षिका म्हणाली, "तुमच्या दाजींमुळे मी परत वर्गात उभी राहिले. लिहिते की. पण नाव दिसतं ना हो सगळ्यांना?"

"दिसतं."

"बघते काहीतरी."

सगळ्यांनीच काहीतरी बघितलं. पंधरा दिवसांत बावीस रिव्ह्यू आले, सगळे पाच स्टारचे. मी हरखून मोठ्यानं वाचायला घेतले आणि तिसऱ्यालाच थांबले. शिक्षिकेनं लिहिलं होतं, "छत्रीची दुरुस्ती उत्तम." दुसरीनं, "चष्म्याची फ्रेम हलकी, दिवसभर घातली तरी टोचत नाही." एका गृहस्थांनी तर "सोफ्याचं कव्हर फिट्ट बसलं, वाऱ्यानं हलत नाही" असं लिहून वर सोफ्याचा फोटो डकवला होता. बावीसांत टोप हा शब्द औषधालाही नव्हता. बिचाऱ्यांनी जीव लावून लिहिलं होतं, रागवायचं तरी कुणावर?

"वाऱ्यानं हलत नाही, हे मात्र खरं आहे," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकजण मोडकी छत्री घेऊन आला. दाजींनी ती दुरुस्तही करून दिली.

महिना भरल्यावर आम्हाला इस्पितळात बोलावलं. टेबलामागं एक साहेब होते आणि शेजारी याद्या सांभाळणाऱ्या बाई. बाईंनी बावीसही रिव्ह्यू एकसुरात वाचून दाखवले.

"हे टोपाचं दुकान आहे की जुना बाजार?" साहेब म्हणाले. "पेशंटची फसगत व्हायची. नाव ठेवता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. साहेबांना बोलायची छाती नव्हती, म्हणून बाईंवर घसरले. "माणसं आपलं दुखणं चव्हाट्यावर टांगत नाहीत, एवढं कळत नाही तुम्हाला? नुसतं वाचायला काय लागतं!"

बाई कागदाकडं बघत राहिल्या. दाजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले, आणि मला बाहेर आणलं. "त्यांना काही बोलू नकोस," एवढंच म्हणाले. स्वतःचं दुकान बुडतंय आणि हा माणूस परक्या बाईची बाजू घेतो, याचा मला असा संताप आला की चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी त्या बाई दुकानात आल्या. मला वाटलं, एखादा कागद द्यायचा राहिला असेल. त्या सरळ पडद्याआड गेल्या, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचे केस काढून त्यांनी दाजींपुढं ठेवले. "कानामागं सैल झालाय," म्हणाल्या. आजवर त्या मी घरी गेल्यावर यायच्या. आज मुद्दाम माझ्यादेखत आल्या होत्या.

दाजी टाके घालू लागले. मी कंगवा धरून उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तिथं बोलायला हवं होतं," बाई आरशात न बघता म्हणाल्या. "पण तुम्हाला कसं माहीत, असं साहेबांनी विचारलं असतं तर?"

"असू दे हो," दाजी म्हणाले. "मान जरा खाली घ्या."

मला बाईंवर रागावता येईना आणि त्यांना माफही करता येईना. दाजींना तर यातलं काहीच नको होतं. ते टाका घालत होते, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

टोप चढवून बाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी विचारलं, "दोन महिन्यांनी येऊ ना?"

दाजींनी चिठ्ठीवर तारीख लिहून दिली. तेव्हा दुकान उघडं असेल की नाही, हे आमच्यापेक्षा यादी सांभाळणाऱ्या बाईंनाच जास्त ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.