तालमीतली माती आणि अध्यक्षांची फरशी

आमच्या धायरीत आता वर बघितलं की बिल्डिंगी आणि खाली बघितलं की खड्डे. जुनं म्हणून उरलंय ते देऊळ, पार आणि देवळाला टेकलेली दगडी तालीम. ती कुणी बांधली ते कुणाला ठाऊक न्हाई. मला तिथं कुणीकुणी पाडलं, ते मात्र गावाला तोंडपाठ हाय. नव्या पोराला हिंमत यावी म्हणून वस्ताद त्याची पहिली कुस्ती माझ्यासंग लावायचे.

मग कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला. मळे गेले, गोठे गेले, पैलवान कंपनीच्या गाड्या चालवायला लागले. वस्ताद वारले. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती बसून दगडासारखी झाली. तालमीचे अध्यक्ष माझ्याच वयाचे, एकेकाळचे माझे जोडीदार. त्यांनी पारावर बैठक घेतली.

"माती काढू, फरशी टाकू, वर मशिनी बसवू. फ्लॅटमधली लोकं येतील."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझी काय हलली न्हाई. उभा राहिलो.

"फरशीवर पडलो तर कंबरडं मोडंल माझं."

"पैलवान, पडायचंच असं धरून चाललायस का?"

"आजवर दुसरं काय केलंय?"

पार हसला. मी बसलो न्हाई. म्हणलं, "माती मी उकरतो. रोज. फरशी टाकू देणार न्हाई."

अध्यक्ष म्हणले, "बरं. जत्रेपर्यंत त्या हौद्यात एक तरी कुस्ती लाव. लागली तर माती राहील. न्हाई लागली तर दुसऱ्या दिवशी फरशी."

घरी बायको म्हणाली, "अहो, दारातल्या तुळशीची माती कधी उकरली न्हाई तुम्ही!"

पण उकरली. पहिल्या दिवशी मातीनं खोऱ्याचा दांडा मोडला, दुसऱ्या दिवशी माझी पाठ. तिसऱ्या दिवशी नवा दांडा बसवला, पाठ आहे तीच नेली. हळूहळू माती भुगा झाली. बघायला दोघं जण यायला लागले, शेजारच्या सोसायटीतले, कॉम्प्युटरवाले, वऱ्हाडाकडचे. खुर्चीत बसून पाठ धरली म्हणले. मी म्हणलं, "या, माझ्याशी खेळा. जिंकायची गॅरंटी."

आता तालमीच्या मातीला नुसतं उकरून भागत न्हाई. तिला तेल, हळद, लिंबू आणि भरपूर ताक पाजावं लागतं, मग ती अंगाला मऊ लागते. पण गावात म्हैस कुठं राहिली? मी दुकानातनं ताकाच्या पिशव्यांचं क्रेट उचललं. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचायला मी शाळेत गेलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. गाईचं चित्र होतं, तेवढ्यावर भागवलं. सगळं ताक मातीत ओतलं.

ते निघालं मसाला ताक. मीठ, मिरची, आलं, जिरं, सगळं त्यात.

दोघं जोर काढून हौद्यात उतरले, सरावाची जरा झटापट झाली, कोपरं खरचटली, आणि एक जण उडीच मारून बाहेर.

"काका, आग होऊन राहिली ना अंगाची!"

दुसरा पाण्याच्या नळाखालनं उठंच ना. गेले ते गेलेच. गावात बातमी झाली की मी तालमीत मठ्ठा लावलाय. अध्यक्ष हसत म्हणले, "कोथिंबीर तेवढी राहिली. मी फरशीचा रंग बघून आलोय."

मला राग आला तो माझाच. सगळी माती पाटीनं बाहेर काढली. टेकडीला बिल्डिंगचा पाया खणत होते, तिथनं हातापाया पडून तांबडी माती आणली, चाळली. लांब एक गोठा शिल्लक होता, तिथनं सायकलवर किटलीनं ताक आणलं. ओतायच्या आधी प्रत्येक किटली चाखली. मातीपेक्षा मीच जास्त प्यालो असंन.

जत्रा आली. माती तयार, पण जोडीदार कोण? लंगोट लावून हौद्यात उभा राहिलो. पोट लंगोटाच्या पुढं दोन पावलं. बघायला गाव जमलं, उतरायला कुणी न्हाई. दारात फरशीवाला टेप घेऊन उभा.

अध्यक्ष म्हणले, "वर ये. अब्रू जाईल."

"ती गेलीय कधीच. तुमची शिल्लक आहे, तुम्ही या की खाली."

"माझे गुडघे..."

"मला पाडायला गुडघे लागतात?"

लोकं हसली. अध्यक्ष तांबडे झाले. पांढरा शर्ट काढून कठड्यावर ठेवला, वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि उतरले. सलामी झाली. मी त्यांची मान धरायला गेलो तोवर आढ्याच्या कड्या दिसायला लागल्या. मी उताणा, अध्यक्ष छातीवर.

"झाली ना कुस्ती?" मी खालनं विचारलं.

"याला कुस्ती म्हणतात व्हय रं?"

"हरणारा म्हणतोय झाली. आता कुणाचा दाखला पाहिजे?"

अध्यक्ष माझ्या छातीवरनं उठले न्हाईत. मूठभर माती घेतली, बोटांत चुरली, वास घेतला. दारातल्या माणसाला म्हणले, "जा तू. इथं काम न्हाई." मग मला हळूच म्हणले, "तेल कमी पडलंय रं. उद्या पहाटं मी घेऊन येतो."

आले. तेल ओतलं, आणि मला परत पाडलं.