मदाम कवसरच्या ताब्यातली पुस्तकं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं होती सहा हजार दोनशे बारा, आणि वाचायला येणारी माणसं अकरा. हे प्रमाण मदाम कवसरबाईंनी चौतीस वर्षं खपून राखलं होतं. सगळी कपाटं काचेची, सगळ्या कपाटांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या कमरेला. पुस्तकाचं नाव काचेतून वाचायला कुणाची हरकत नव्हती.

बाईंना नुसता दोष देऊन चालणार नाही. सरकारी नोकरीत ताबा नावाचा प्रकार असतो. ज्याच्या सहीनं पुस्तकं ताब्यात आली, त्यानं निवृत्त होताना तेवढीच्या तेवढी मोजून परत द्यायची. वाळवीनं खाल्लेलं चालतं, कुणी कधी न उघडलेलं तर फारच उत्तम, पण कमी चालत नाही. मोजणी जुळली नाही तर मोकळीक मिळत नाही, आणि मोकळिकीचा कागद नसेल तर माणूस ना नोकरीत ना घरी. बाईंच्या आधीच्या ग्रंथपालांची, उस्ताद लबीबांची, नऊ पुस्तकं कमी भरली होती. बिचारे तीन वर्षं जिल्ह्याच्या कचेरीचे जिने चढत-उतरत राहिले, आणि एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर, फाईल छातीशी धरून, गेले. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. प्रेताजवळ उभ्या राहून त्यांनी काय ती गाठ मनाशी बांधली.

दारातल्या फळ्यावर त्यांच्या हातचे बावीस नियम होते. ओळखपत्र दारात जमा करावे. पिशवी बाहेर ठेवावी. बोट ओलं करून पान उलटू नये, हा नियम कोर्टातल्या एका कारकुनामुळे आला. टेबलावर डोकं टेकू नये, हा परीक्षेला बसलेल्या एका मुलीमुळे. घरी पुस्तक हवं असेल तर जामीन हवा, तोही सरकारी नोकर, कायम, याच जिल्ह्यातला, आणि त्यानं स्वतः येऊन सही करायची. ज्याला असा जामीन मिळू शकतो त्याला आमच्या गावात बहुधा पुस्तक नको असतं. कुणी गयावया केली की बाईंच्या चेहऱ्यावर तेज यायचं. चष्मा नाकावर खाली ओढून त्या म्हणायच्या, "फळा वाचता येतो ना? मग मला कशाला वाचायला लावता?"

असं असताना त्यांनी आयुष्यात एकदाच नियम मोडला. हाजी मुतवल्ली हा कालव्याच्या दारांवरचा निवृत्त रखवालदार. तीन हिवाळे तो रोज सकाळी यायचा आणि एकच पुस्तक मागायचा: नाईलमधल्या माशांचं, रंगीत चित्रांचं, जाडजूड, नंबर एकतीसशे अठरा. बाई खोलीत आल्या की म्हातारा गुडघे धरत उठून उभा राहायचा. बाईंच्या नवऱ्यानं त्यांना सोडून कुवेतला दुसरा संसार मांडला होता, संचालक त्यांच्याशी कागदातून मान वर न करता बोलायचा, आणि हा एक माणूस रोज उठून उभा राहायचा. शेवटच्या हिवाळ्यात तो म्हणाला, "मदाम, मुलीकडे सुएझला चाललो आहे. छातीत पाणी झालंय म्हणे. तेवढ्या दिवसांसाठी हे नेऊ का? जामीन कुठून आणू, माझ्या ओळखीचे सगळे सरकारी नोकर मासेच." बाई हसल्या. चिठ्ठी न करता, नोंद न करता त्यांनी ते पुस्तक त्याच्या कोटाखाली सरकवलं. दाराशी त्या स्वतः त्याच्याबरोबर चालत गेल्या, म्हणून पहारेकरी बयूमीनं विचारलं नाही.

हाजी परत आला नाही. विचारायचं कुणाला? नोंदच नव्हती.

बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा मोजणी समिती आली. तीन माणसं, दिवसभर चहा, तिळाची बिस्किटं आणि टिकमार्क. आठव्या दिवशी समितीचा प्रमुख म्हणाला, "एकतीसशे अठरा?"

बाईंनी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. खरं सांगितलं असतं तर ताब्यात हयगय, म्हणजे चौकशी, म्हणजे ते जिने. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याला त्यांना विचार करावा लागला नाही, आणि हेच सगळ्यात वाईट. "किल्ल्या माझ्याशिवाय कुणाच्या हातात नसतात," त्या म्हणाल्या. "फक्त गुरुवारी. धूळ झटकायला फिक्रियाला कपाटं उघडून द्यावी लागतात."

फिक्रिया तेव्हा जिन्यावर फरशी पुसत होती. बावीस वर्षं ती ते वाचनालय झाडत आली होती, रोजंदारीवर, कायम न होता. बाईंचं पित्त खवळलं की त्यांच्यासाठी घरून बडीशेपेचा काढा आणणारी हीच. तिला वर बोलावलं.

"मी? पुस्तक?" ती हसायलाच लागली. "अहो साहेब, मला वाचता येत नाही!"

"वाचणारा पुस्तक परत करतो," प्रमुख म्हणाला. "न वाचणारा रद्दीत घालतो. तुझा भाऊ भाजलेल्या बिया विकतो ना गं? पुड्या कशाच्या बांधतो?"

फिक्रियानं बाईंकडे पाहिलं. बाई किल्ल्या मोजत होत्या.

चोरीची तक्रार पोलिसांत गेली, कारण चोराचं नाव ठाऊक असेल तर ज्याच्या ताब्यात पुस्तकं तो सुटतो. पुस्तक सापडलं नाही म्हणून अटक झाली नाही, पण फिक्रियाला कामावरून काढलं. पहारेकरी बयूमीला लेखी समज मिळाली की आजवर तू फिक्रियाची पिशवी कधी उघडली नाहीस. यापुढे मदाम कवसर यांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय कागदाचा कपटाही बाहेर गेला तर तू घरी. गावात बातमी पसरायला दुपार पुरली. फिक्रियाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वरमाय दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आमचं सोनं परत द्या, चोरांच्या घरात ठेवायला नाही घातलं." मुलीनं अंगठी काढून दिली आणि त्यानंतर ती घराबाहेर पडेना.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची; दर रविवारी फिक्रिया वाचनालयात यायची. बसायची नाही. दाराच्या चौकटीला धरून एवढंच म्हणायची, "मदाम, एक शब्द लिहून द्या. फिक्रियानं नाही नेलं, एवढंच. मी मुलाकडच्यांना दाखवते." बाई म्हणायच्या, "प्रकरण चालू असताना लिहिता येत नाही." प्रकरण चालू नव्हतं. ते कधीच बंद झालं होतं, पुस्तक यादीतून कमी झालं होतं, आणि उरलेली सहा हजार दोनशे अकरा बरोबर जुळली होती.

बाईंचा शेवटचा दिवस रविवारीच आला. मोकळिकीच्या कागदावर सगळ्या सह्या झाल्या होत्या. फक्त शिक्का राहिला होता, आणि शिक्का ज्याच्या कपाटात तो कारकून दुपारच्या नमाजानंतर येणार होता. कागद टेबलावर पालथा ठेवून बाई बसल्या होत्या. चौकटीत फिक्रिया उभी होती.

तेवढ्यात काळ्या कपड्यातली एक अनोळखी बाई आत आली. "मदाम कवसर तुम्हीच ना? मी नाहिद. हाजी मुतवल्लींची मुलगी." तिनं शालीआडून ते जाड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "बाबा रमजानच्या आधी गेले. शुद्धीत होते तोवर एकच घोकत होते, हे मदामच्या हातात नेऊन दे. बावीस नियम आहेत त्यांचे, माझ्यासाठी मोडले. चित्रं बघत बघतच गेले हो. अल्ला तुमचं भलं करो."

बाईंनी पुस्तक न उघडताच तिच्याकडे सरकवलं. "हे आमचं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचंच. हा बघा शिक्का, तेहतिसाव्या पानावर. बाबांनी मला दाखवला होता."

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, नाहिदचे दोन्ही हात हातात घेतले, हाजींसाठी दोन गोड शब्द बोलल्या, आणि तिला खालच्या दारापर्यंत पोचवलं. नाहिदनं सुएझचा फोन नंबर लिहून दिला. "काही सही-बिही लागली तर सांगा. माझी गाडी आहे पावणेबाराची." बाईंनी तो कपटा पर्समध्ये टाकला. गाडीपर्यंत तिनं दुसऱ्या कुणाशी बोलू नये म्हणून त्यांनी हाजींच्या आठवणी काढत तिला गुंतवून ठेवलं असतं, पण नाहिदला घाईच होती.

त्या वर आल्या तेव्हा फिक्रिया पुस्तकाजवळ उभी होती. तिनं त्याला हात लावला नव्हता. तिचे डोळे वाहत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता.

"देवाची करणी, मदाम! सापडलं! तुम्ही विसरला होतात ना? होतं असं. वय झालं आपलं. आता संचालक साहेबांना सांगा, बास. मी काही बोलत नाही, तुमचं नाव खराब करायचं नाही मला. सापडलं एवढंच सांगा."

सापडलं म्हणजे यादी चूक, यादी चूक म्हणजे नवी मोजणी. चार महिने. मग प्रश्न येणार की चिठ्ठी कुठे आहे, आणि मग जिने. बाईंनी पालथ्या कागदाकडे पाहिलं.

"मी सांगितलं तर म्हणतील मीच लपवलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "तूच ने. साहेब पलीकडच्या इमारतीत बसलेत. तुझ्या हातानं त्यांच्या टेबलावर ठेव, म्हणजे सगळ्यांचं तोंड बंद होईल."

"मी नेऊ? खरंच?"

"ने म्हटलं ना."

"आणि ती सुएझची बाई? तिचा नंबर?"

"साहेबांनी मागितला की मी देते."

फिक्रियानं बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं वाचनालयातलं एक पुस्तक धूळ झटकायला नव्हे, न्यायला हातात घेतलं, आपल्या काळ्या शालीत नीट गुंडाळलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून छातीशी धरलं, आणि जिना उतरली. बाई खिडकीशी गेल्या नाहीत. त्या खुर्चीत बसून ऐकत राहिल्या.

"शालीत काय आहे गं?" खालून बयूमीचा आवाज आला.

"पुस्तक आहे, काका. सापडलं! साहेबांकडे नेते आहे."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कसली? मदामना ठाऊक आहे. विचारा त्यांना!"

बयूमीनं शाल उघडली असावी. पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडला, "मदाम! एकतीसशे अठरा! हिच्या शालीत! तुम्ही दिलंत का?"

फिक्रिया खालून हसत म्हणाली, "सांगा ना मदाम!"

मदाम कवसर जिन्याच्या कठड्यापाशी आल्या. खाली दोन चेहरे वर पाहत होते.

"मी चिठ्ठी दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसांना फोन लाव, बयूमी. आणि शिक्क्याचा कारकून आला असेल तर त्याला वर पाठव."