ओढ्यात कृष्णा आली तेव्हा

आटपाडीच्या बाजूला आमचं गाव. गावाला ओढा आहे, पण त्यात मी लहानपणापासून पाण्यापेक्षा क्रिकेटच जास्त पाहिलं. त्यामुळं मागं एका उन्हाळ्यात आईचा फोन आला, "कृष्णेचं पाणी वड्यात सोडलंय, उद्या आपल्यात येतंय, ये," तेव्हा खरंच वाटेना. कृष्णा आमच्यापासून लांब आणि कितीतरी खाली. पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलत ते पाणी एवढ्या उंचावर आणलं होतं. मी सांगलीहून पहिली एसटी धरली.

वडिलांबरोबर मी आणि निम्मं गाव पाण्याला सामोरं गेलो. वरच्या गावाच्या शिवेवर ते दिसलं. मला वाटलं होतं, लोंढा येईल. आलं ते वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरावेत एवढ्या रुंदीचं, तपकिरी, पुढं फेसाची झालर, फेसात वाळकी पानं आणि काटक्या. त्याच्या पुढं मुंगळे, सरडे, एक विंचूही जीव घेऊन पळत होता. वाटेत खड्डा आला की पाणी थांबायचं. वाळू ते फसफस करत पिऊन टाकायची. सगळे तिथंच उभे राहायचे. खड्डा भरला की पाणी पुन्हा पुढं सरकायचं आणि आम्ही त्याच्याकडं तोंड करून मागं मागं चालायचो. पाठ कुणी फिरवली नाही.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. नोकरीतलं ते फारसं सांगत नसत. त्या दिवशी एका खड्ड्यापाशी उकिडवे बसून म्हणाले, "लडाखला हुतो तवा नजर जाईल तिथवर बर्फ. सगळं गोडं पाणीच की गं. पण प्यायचं म्हटलं तर पातेलंभर बर्फ स्टोव्हवर ठेवायचा, तवा कुठं तळाला तांब्याभर पाणी. ह्यातलं जरासं आपल्या वड्यात असतं तर, असं लय वाटायचं."

समुद्र खारा, गोडं पाणी थोडंसं आणि त्यातलंही बरंचसं बर्फात अडकलेलं, हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. अंगावर काटा मात्र आला तो त्या खड्ड्यापाशी, समोर बुडबुडे फुटत असताना.

दुपारी पाणी आमच्या बंधाऱ्याला टेकलं. बायकांनी ओटी भरली. आई चपला काठावर ठेवून पाण्यात शिरली आणि नुसती उभी राहिली. उन्हं कलल्यावर तिनं मला ओढ्याकाठच्या आमच्या कोरड्या विहिरीवर नेलं. "काय बोलू नगंस. ऐक."

खाली, कपारीतून, टप... टप... असा आवाज येत होता. आम्ही दोघी कठड्याला टेकून कितीतरी वेळ तो ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बंधारा काठोकाठ भरला. पलीकडच्या काठावर खालच्या गावची काही माणसं येऊन बसली होती. बंधाऱ्याच्या लोखंडी फळ्या काढल्याशिवाय पाणी त्यांच्याकडं जाणार नव्हतं.

"आजून दोन दिस ऱ्हाऊ द्या," आमच्यातला एकजण म्हणाला. "परत कवा सोडतील, कुणाला ठावं?"

पलीकडून एक म्हातारा म्हणाला, "आमी कुठं काय म्हणतोय, गड्या? बघाय आलोय नुसतं."

 वडील उठले, धोतराचा काचा मारला आणि पाण्यात उतरले. "या रं," त्यांनी हाक दिली. आधी दोघं गेले, मग तो नको म्हणणाराही गेला. पहिली फळी निघाली तसा पाण्याचा असा आवाज झाला की काठावरची कुत्री पळाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मे सरेपर्यंत पुरलं. त्यानंतर टँकर आलाच. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं, आणि तरी आम्ही सगळे त्याच्याबरोबर खालच्या गावाच्या शिवेपर्यंत चालत गेलो. तिथं बायका हळदी-कुंकवाची ताटं घेऊन उन्हात उभ्या होत्या.