डोकं आपटलं, रिपोर्ट नॉर्मल!

खडकीतल्या माझ्या दवाखान्यात खोकल्याच्या औषधांची सॅम्पलं साठतात ना, तसे आमच्या कबड्डी क्लबचे किस्से साठलेत. कुणी मागत नाही आणि टाकवतही नाहीत. मी क्लबचा डॉक्टर. म्हणजे सामन्याला बाजूला खुर्ची मिळते, आणि कुणाचं डोकं आपटलं की "याला आज बाहेर बसवा" एवढं म्हणायचं असतं. वर्षानुवर्षं म्हणतोय. खुर्ची तेवढी मिळते!

* * *

संतोष आमचा हुकमी रेडर. एका सामन्यात समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पडला, आपला आपण उठला. मी धावत गेलो.

"संतोष, आपण आत्ता कुठे आहोत?"

"डॉक्टर, तुम्हालाच माहीत नाही? मग घरी कसे जाणार?"

सगळे हसले. आमचे कोच शिंदेसर म्हणाले, "बघा, एकदम फ्रेश आहे!"

समोरच्यांच्या पुढच्याच चढाईला संतोषनं सूर मारून मांडी धरली. काय पकड होती! फक्त मांडी आमच्याच कॅप्टनची होती.

सर म्हणाले, "जोश आहे हो पोरात!"

* * *

त्यानंतर मी सरांना घरी बोलावलं. चहा पाजला. नीट समजावलं, "सर, मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. घट्ट दह्यासारखा मऊ असतो. डोक्याला हिसका बसला की आतले बारीक धागे ताणले जातात. पेशींच्या आतले क्षार बाहेर येतात, बाहेरचे आत घुसतात. ते जागच्या जागी न्यायला पेशींना साखर जास्त लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. त्यात दुसरा मार बसला तर भारी पडतं. आणि हे साध्या स्कॅनमध्ये दिसतही नाही."

सरांनी मन लावून ऐकलं. एकदाही मधे बोलले नाहीत. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी पटलं.

"म्हणजे साखर कमी पडते," सर म्हणाले. "मग सोपं आहे की! उद्यापासून हाफटाइमला ग्लुकोज!"

* * *

निखिल खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवार-रविवार आमच्याकडे खेळायचा. डोक्याला लागल्यावर त्याला स्क्रीन सहन होईना. दोन ओळी वाचल्या की मळमळायचं. मी विश्रांती लिहून दिली.

मॅनेजर म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग घरून काम कर." घरून म्हणजे पुन्हा स्क्रीनच!

मॅनेजर पुढे म्हणाला, "बाहेरून तर अगदी ठीक दिसतोयस."

निखिल म्हणाला, "सर, आपला सर्व्हरही बाहेरून ठीकच दिसतो."

त्याला रजा मिळाली. क्लबमधला विश्रांती घेतलेला हा एकमेव खेळाडू. आता बॅडमिंटन खेळतो.

* * *

दत्ताभाऊ आमच्या जुन्या टीमचे कव्हर, म्हणजे चढाईला आलेल्याला धरून ठेवणारे. खेळाच्या कोट्यातून कारखान्यात नोकरी, क्वार्टरमध्ये संसार. डोक्यावर किती वेळा मार खाल्ला याचा हिशोब कुणीच ठेवला नव्हता. पन्नाशीनंतर विसरायला लागले. शांत माणूस, पण भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या वेळी स्कॅनमध्ये दिसलं, मेंदू वयाच्या मानानं आक्रसलेला. "खेळामुळेच असं छातीठोक सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण शक्यता आहे."

मंगलवहिनी माझ्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"डॉक्टर, एक विचारू? परवा अंगावर धावून आले, ते हे आले की यांचं डोकं?"

मी म्हणालो, "वहिनी, डोकं."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता रुसायचं कुणावर, तेवढं सांगा."

* * *

गेल्या वर्षी क्लबनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. दत्ताभाऊंची शेवटची मोठी फायनल सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या चढाईला त्यांनी समोरच्या टीमच्या हंबीररावांना धरलं, दोघांची डोकी आदळली, आणि बेशुद्ध दत्ताभाऊंच्या छातीवर पोरांनी कप ठेवला. त्यांना स्वतःला त्या सामन्यातलं काहीच आठवत नाही. कधीच आठवलं नाही.

हंबीरराव आता मार्केट यार्डात कांद्याचे आडते. सत्काराला मुद्दाम आले होते. दत्ताभाऊंनी ओळखलं नाही. हंबीररावांनी हार घातला, पाया पडले आणि जायला वळले.

दत्ताभाऊंनी खाली बसून त्यांचा घोटा धरला.

टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल वर! हंबीररावही हसले. मग हसू ओसरलं, कारण पकड सुटेना.

वहिनी पुढे आल्या. "अहो, सोडा ना आता. सामना संपला."

"दम आहे अजून त्याच्यात," दत्ताभाऊ म्हणाले.

शिंदेसर गेले, मी गेलो. कुणाचंच ऐकेनात. हंबीररावांनी आम्हाला हातानंच थांबवलं. सफारीतला तो जाडजूड माणूस किंचित वाकला आणि दत्ताभाऊंच्या डोळ्यांत बघत हळू आवाजात म्हणायला लागला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

वर धरलेले मोबाइल खाली आले.

मग हंबीररावांनी मुद्दाम दम सोडला.

"बाद!" दत्ताभाऊ म्हणाले, आणि घोटा सोडला.