बदकांसाठी चर खणणारी माझी आक्का

आक्काची बदकं विकायची नाहीत.

कापायला तर अजिबात नाहीत. इनबॉक्समध्ये रेट विचारणाऱ्यांना सरळ ब्लॉक करणार आहे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. रेखाआक्का. माझी थोरली बहीण.

नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून ती बोरगावला माहेरी परत आली. तेव्हा लोक काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. लिहायच्या लायकीचं नाही.

घर आमच्या मोठ्या भावाचं, अण्णाचं. माणूस वाईट नाही. पण त्याचं एकच पालुपद. "चार दिवस ऱ्हा, मग जा. लग्न झालेली बाई माहेरात किती दिवस शोभती?"

आक्कानं परसात बदकं पाळली. अंडी विकून स्वतःचं भागवायची.

"कोंबड्या पाळ की," अण्णा म्हणाला.

"कोंबड्या सगळीच पाळत्यात."

एका सकाळी तिचा फोन. "शुभे, ये." एवढंच.

मी राहते त्या टिळकवाडीतनं निघाले, मिळेल ती बस धरली. परसात पिसंच पिसं. कुत्र्यांनी पातळ जाळी दातानं फाडली होती. निम्मी बदकं मेलेली, उरलेली कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प. बदकं गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"झालं समाधान?" अण्णा म्हणाला. "आता तरी सोड नाद."

आक्का मेलेली बदकं पोत्यात भरत होती. रडत होती, पण हात थांबत नव्हते.

"बदकांची चूक न्हाय अण्णा. जाळी कच्ची होती."

मग तिनं काम काढलं. मोबाइलवर व्हिडिओ बघायची, पॉज करून मला दाखवायची.

जाड, वेल्डिंग केलेली जाळी. बोट जाईल एवढीच भोकं. कुत्रं आणि मुंगूस खालनं उकरून शिरतं, म्हणून भोवतीनं चर खणून जाळी जमिनीत पुरायची आणि तिचं टोक बाहेरच्या अंगाला वळवायचं. घार वरनं झडप घालते, म्हणून वरतीही जाळी. दाराला दोन कड्या.

मी रविवारी मदतीला जायची. ऑफिसात बसून काम करणारी मी, पहारीनं तळहाताला फोड आले.

"हळद लाव आणि ये," आक्का म्हणाली. सुट्टी नाही!

चर निम्मा झाला आणि तिचा नवरा आला. (दाजी म्हणायचं मी सोडलंय.) गाडीची किल्ली बोटात फिरवत. अण्णानंच बोलावून घेतलं होतं.

"बास झाली नाटकं. चल घरला."

आक्का चरात उभी. गुडघ्यापर्यंत माती. हातात पहार.

पूर्वी त्याचा आवाज ऐकला तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

"न्हाय येत."

"काय म्हणालीस?"

"न्हाय येत म्हटलं. तिथं मार खाल्ला. इथं माती खणीन. बाजूला सरा, मला काम हाय."

तो अण्णावर ओरडला, "बहिणीला समजवा तुमच्या!"

अण्णा आक्काच्या दंडाकडं बघत होता. खणताना बाही वर सरकली होती. भाजल्याचा व्रण. ती कायम झाकायची. अण्णानं तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"तुम्ही जावा," अण्णा म्हणाला. "आणि परत या दारात येऊ नका."

तो गेला.

अण्णानं घमेलं उचललं आणि माती ओढायला लागला. अंधार पडायच्या आत चर पुरा झाला.

जाळी बसल्यावर काही दिवसांनी कुत्री परत आली. सकाळी भोवतीनं उकरलेली माती, जाळीला अडकलेले केस. आणि आत सगळी बदकं टबात अंघोळ करतायत!

आक्कानं व्हिडिओ कॉल केला. फोन नीट धरता येईना. मला नुसतं आभाळ दिसत होतं आणि तिचं हसणं ऐकू येत होतं.

"एक बी गेलं न्हाय गं शुभे! एक बी!"

पुढची वर्षं ती मनासारखी जगली. तिला नावं ठेवणाऱ्या बायका तिलाच विचारायला यायच्या, आमच्या कोंबड्यांना असली जाळी कशी करायची? ती चहा पाजून सांगायची. तिच्या जागी मी असते तर दारातनंच परत पाठवलं असतं.

गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला. निपाणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बदकं आता अण्णा सांभाळतो. त्यांच्यावर ओरडतो आणि त्यांच्यासाठी भाताचे दाणे भिजत घालतो.

वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायला दिला, तेव्हा एक पाहुणे म्हणाले, "नवऱ्याचं नाव घाला. चारचौघांत बरं दिसतं."

अण्णा म्हणाला, "आमच्या आई-बापाचं नाव घाला. त्यांची लेक हाय ती."

फ्लेक्स आज चौकात लागलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी खुशाल बघावा.

आक्का, तुझ्या धाकटीचा तुला वाकून नमस्कार.